एकाच वर्षात शिव्या पण, टाळ्या पण

फॅन म्हणून सगळ्यात भारी वर्ष कोणतं विचारलं तर २०११ म्हणतील सगळे. धोनीचा सिक्स, वानखेडे, सचिनला खांद्यावर घेतलेलं, सगळं मान्य आहे. पण त्याच वर्षी आपण इंग्लंडला जाऊन ४-० खाऊन आलो होतो हे लोक सोयीस्कर विसरतात. मला विचाराल तर फॅन म्हणून माझं वर्ष २०२४. एवढं डोक्याला ताप देणारं आणि एवढं नाचवणारं वर्ष दुसरं नाही झालं.

आधी माझ्या टीम्स सांगून टाकतो म्हणजे पुढे गोंधळ नको. मुंबईची रणजी टीम, मुंबई इंडियन्स, फुटबॉलमध्ये मुंबई सिटी आणि अर्थात इंडिया. कबड्डीत यू मुम्बा, पण त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीलाच पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ ने हरवून कप नेला, त्यामुळे कबड्डीबद्दल मी जास्त बोलणार नाही. अस्लम इनामदार भारी खेळाडू आहे, बस, पुण्याचं कौतुक एवढंच झेपतं.

सुरुवात रणजीपासून. लोकांना वाटतं रणजी कोण बघतं. अहो मी बघतो. मी डोंबिवलीकर आहे, आणि अजिंक्य रहाणे ज्या गावातून किट बॅग घेऊन लोकल पकडत मोठा झाला त्या गावच्या माणसाने रणजी नाही बघायची तर कोणी बघायची? मुंबईने ४१ वेळा ट्रॉफी जिंकलेली, पण शेवटची २०१५-१६ ला, त्यानंतर नुसता दुष्काळ. मधे दोनदा विदर्भ जिंकलं, सौराष्ट्र जिंकलं, मध्य प्रदेश तर आपल्यालाच फायनलमध्ये हरवून जिंकलं, आणि आपण म्हणे मुंबईचं क्रिकेट.

क्वार्टर फायनल बडोद्याशी, बीकेसीला. मी ऑफिसात, फोनवर स्कोअर रिफ्रेश करतोय. दुसऱ्या इनिंगमध्ये ३३७ ला ९ गेले, मला वाटलं झालं आता, आणि तिथून दहा नंबरचा तनुष कोटियन आणि अकरा नंबरचा तुषार देशपांडे यांनी २३२ ची पार्टनरशिप केली. दोघांच्या सेंच्युरी! तनुष १२० नॉट आउट, तुषार १२३. दहा आणि अकरा नंबरने एकाच इनिंगमध्ये सेंच्युरी मारणं हे फर्स्ट क्लास क्रिकेटच्या सगळ्या इतिहासात त्याआधी एकदाच झालेलं, १९४६ ला इंग्लंडमध्ये सरवटे आणि बॅनर्जी. आणि तुषार आमच्या शेजारच्या कल्याणचा. त्या दिवशी संध्याकाळी ट्रेनमध्ये मी अख्ख्या डब्याला हे सांगत होतो, निम्म्या लोकांना तुषार देशपांडे म्हणजे चेन्नईचा बॉलर एवढंच माहिती.

मग सेमीला शार्दूल ठाकूरने तमिळनाडूला धुतलं आणि फायनल आली वानखेडेवर, समोर विदर्भ. म्हणजे महाराष्ट्रातलीच भांडणं. आमचे साडू नागपूरचे, ते नेमके कामासाठी मुंबईत होते, म्हटलं चला, पाचवा दिवस आहे, सोबत बघू. मी सुट्टी टाकली. विदर्भाला ५३८ चं टार्गेट होतं आणि त्यांच्या पाच विकेट पडलेल्या, मी साडूंना म्हटलं लंचला आपण मरीन लाइन्सला जेवायला जाऊ. लंच झाला तरी एकही विकेट नाही! अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे चिकटून बसले, वाडकरने सेंच्युरी ठोकली, आणि साडू एकदम शांत, काही बोलत नाहीत, फक्त मधेच विचारतात, "भाऊ, किती राहिले हो?" त्यांच्या त्या शांतपणानेच माझं बीपी वाढत होतं. आमच्या मागे एक पांढरे कपडे घातलेले आजोबा होते, कानाला छोटा रेडिओ, वहीत पेन्सिलने एकेका बॉलचं टिपण, कोणी चुकीच्या वेळी टाळी वाजवली की मान वर करून बघायचे. असे लोक तुम्हाला आयपीएलला नाही दिसत.

लंचनंतर तनुषने वाडकरला एलबीडब्ल्यू केलं आणि दरवाजा उघडला. ३५३ ला ५ वरून सगळे ३६८ ला आउट. शेवटची विकेट राहिली तेव्हा रहाणेने बॉल दिला धवल कुलकर्णीच्या हातात. धवलची ती शेवटची मॅच होती, एवढी वर्षं मुंबईसाठी पाटा विकेटवर घाम गाळलेला माणूस, आणि त्याने उमेश यादवचा स्टंप काढला. १६९ रन्सनी जिंकलो, ४२ वी ट्रॉफी. मला खरं सांगायचं तर वर्ल्ड कपपेक्षा जास्त मी त्या विकेटला ओरडलो. वर्ल्ड कप कोणीही सेलिब्रेट करतं हो, धवलच्या शेवटच्या विकेटला रडायला थोडी जास्त वर्षं घालावी लागतात. साडूंनी हात मिळवला आणि म्हणाले चला, आता जेवण तुमच्याकडून.

आणि दहा दिवसांत आयपीएल.

आता याबद्दल मी काय बोलू. आधीच्या डिसेंबरमध्ये रोहितची कॅप्टन्सी काढून हार्दिकला दिली, तेव्हापासून आमच्या ग्रुपवर सुतक. पाच ट्रॉफ्या दिलेल्या माणसाला असं बाजूला करतात का? मग पब्लिकने जे केलं ते केलं. अहमदाबादला बू, हैदराबादला बू (तिथे तर सनरायझर्सने २७७ मारले, बू करायला पण लोकांना वेळ मिळाला असेल का शंका आहे), आणि मग १ एप्रिलला घरच्या मैदानावर, वानखेडेवर बू. टॉसला संजय मांजरेकरांनी पब्लिकला नीट वागायला सांगितलं, त्यावर अजून जोरात. मग राजस्थानच्या बोल्टने रोहित, नमन धीर आणि ब्रेव्हिस तिघांनाही पहिल्याच बॉलवर घरी पाठवलं.

१४ एप्रिलला चेन्नईविरुद्ध मी स्वतः स्टेडियममध्ये होतो, भाच्याला घेऊन. भाचा पिवळा टीशर्ट घालून आलेला. मुंबईत जन्मलेलं, वडापाववर वाढलेलं पोरगं आणि धोनीचा फॅन, काय बोलणार. शेवटच्या ओव्हरला चार बॉल राहिले असताना धोनी उतरला आणि समोर बॉलर कोण तर हार्दिक. सिक्स, सिक्स, सिक्स, दोन रन्स. चार बॉलमध्ये २०. वानखेडे आहे का चेपॉक तेच कळेना, आमच्या आजूबाजूचे निळे टीशर्टवाले पण धोनी धोनी करत नाचत होते. मग रोहितने एकट्याने १०५ नॉट आउट मारले तरी आपण हरलो, आणि किती रन्सनी? बरोबर २०. भाचा चर्चगेटपर्यंत एवढंच म्हणत होता, "मामा, वीसच ना? वीसच ना?" त्याला मी दादरला वडापाव दिला नाही.

सीझन संपला तेव्हा मुंबई दहापैकी दहाव्या नंबरवर. १४ पैकी ४ मॅच जिंकल्या. लाज वगैरे सगळं त्यात आलं.

पण त्याच दिवसांत दुसऱ्या अ‍ॅपवर नाही, आयपीएलवाल्या त्याच जिओ सिनेमावर, मुंबई सिटीचं फुटबॉल चालू होतं आणि ते कोणी बघत नव्हतं. १५ एप्रिलला, म्हणजे धोनीच्या दुसऱ्याच दिवशी, कोलकात्याला मोहन बागानकडून २-१ हरून लीग शील्ड (लीगमध्ये पहिल्या येणाऱ्याची ट्रॉफी) गेली. दोन दिवसांत दोन सुतकं. मग सेमी फायनल गोव्याशी, फातोर्ड्याला. ९० व्या मिनिटापर्यंत गोवा २-० ने पुढे. मडगावचा माझा कॉलेजमधला मित्र, त्याने मला फटाक्यांचे इमोजी पाठवायला सुरुवात केलेली. आणि मग छांगतेने एक मारला, लगेच पुढच्या मिनिटाला विक्रम प्रतापने दुसरा, आणि अगदी शेवटी परत छांगते! ३-२! मी हॉलमध्ये एवढ्या जोरात ओरडलो की बायको किचनमधून पळत आली, तिला वाटलं गॅस. मित्राला मी काहीच मेसेज केला नाही, फक्त त्याचेच फटाके त्याला परत फॉरवर्ड केले. त्याने दोन दिवस निळी टिक पण दिली नाही.

४ मेला फायनल, परत तेच सॉल्ट लेक, परत तेच मोहन बागान, भरलेलं स्टेडियम सगळं त्यांच्या बाजूने. हाफटाइमच्या आधी त्यांचा गोल. मग दियाझ, मग बिपिन सिंग, मग एकदम शेवटी वोइतुस. ३-१. ज्या मैदानावर शील्ड घालवली तिथेच कप उचलला. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये मी म्हटलं आपण चॅम्पियन झालो, तर पोरं म्हणतात कसले, मुंबई तर तळाला आहे. म्हणजे मुंबईत मुंबईची एक टीम देशात पहिली आणि एक टीम शेवटची, आणि लोकांना फक्त शेवटची माहिती.

२९ जूनबद्दल, म्हणजे साउथ आफ्रिकेशी टी-२० वर्ल्ड कप फायनलबद्दल, सगळ्यांनी सगळं लिहिलंय त्यामुळे थोडक्यात. ३० बॉलमध्ये ३० पाहिजेत, क्लासेनने अक्षरच्या एका ओव्हरमध्ये २४ कुटलेले, बाबा उठून झोपायला निघून गेले, म्हणाले मला १९ नोव्हेंबर (२०२३ ची हरलेली वर्ल्ड कप फायनल) परत नको. मग क्लासेनची विकेट कोणी काढली? हार्दिकने. शेवटची ओव्हर कोणी टाकली, १६ डिफेंड करायला? हार्दिकने. पहिल्याच बॉलला मिलरचा तो फटका, सूर्या बाउंड्रीवर, बॉल आत फेकला, बाहेर गेला, परत आत आला, कॅच. बुमराहबद्दल मी बोलत नाही कारण त्याने १८ व्या ओव्हरला फक्त २ रन्स देऊन यान्सनचा दांडा काढला त्याला माझ्याकडे शब्द नाहीत. ७ रन्सनी जिंकलो. बाबांना उठवलं तर म्हणाले झोपलो नव्हतो, बेडरूममध्ये फोनवर बघत होतो, आवाज बंद करून.

मग टीम बार्बाडोसला वादळात अडकली आणि ४ जुलैला मुंबईत मिरवणूक. ऑफिसमधून चारला सटकलो. सीएसएमटीला उतरून चालत निघालो तर मरीन ड्राइव्हला पोचायच्या आधीच माणसांची भिंत. पाचची वेळ दिलेली, बस हलली साडेसातच्या सुमारास, मधे पाऊस, कोणी हललं नाही. पोरं झाडांवर. मिरवणुकीची बस गुजरात पासिंगची आहे म्हणून त्यावर वेगळं राजकारण चालू. एक अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा मात्र त्या एवढ्या गर्दीने वाट करून दिली, ते मी डोळ्याने पाहिलं. मला स्वतःला काय दिसलं तर बसचा वरचा भाग, हातात ट्रॉफी धरलेला एक हात, आणि समोरच्या माणसाचं टक्कल. बस पुढे गेली आणि रस्त्यावर चपलांचा खच, जोडीतली एकेक, लहान मुलांची पण.

वानखेडेच्या आत त्या दिवशी हार्दिक हार्दिक चाललं होतं. तेच स्टेडियम, तेच लोक, तीन महिने. बरेच शहाणे लोक तेव्हा लिहीत होते की फॅन्स दुटप्पी आहेत, यांनी माफी मागावी. मी तर दोन्ही वेळी मनापासून ओरडलो. एप्रिलमध्ये राग खरा होता, जुलैमध्ये प्रेम खरं होतं, फॅनकडून अजून काय पाहिजे, एफिडेविट?

दुसऱ्या दिवशी विधान भवनात सत्कार होता, तिथे सूर्या मराठीत म्हणाला कॅच बसला हातात, आणि रोहित माइकवर येऊन म्हणतो बरं झालं बसला, नाहीतर मी याला बसवला असता. अख्खं सभागृह हसतंय. ती क्लिप मी किती वेळा बघितली विचारू नका, आपला बोरिवलीचा माणूस आपल्याच टोनमध्ये बोलतोय, त्याची मजा वेगळीच.

१ ऑगस्टला दुपारी डबा खाताना स्वप्निल कुसाळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची फायनल, सुरुवातीला मागे आणि मग हळूहळू वर वर. ब्रॉन्झ! खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिम्पिकचं वैयक्तिक मेडल. आणि नोकरी काय तर मध्य रेल्वेत टीसी. मी मध्य रेल्वेने एवढी वर्षं जातोय, टीसीसाठी टाळ्या वाजवल्या त्या दिवशी पहिल्यांदा.

ऑक्टोबरमध्ये सर्फराजने लखनौला २२२ नॉट आउट मारले आणि इराणी कप (रणजी चॅम्पियन विरुद्ध बाकी भारत) २७ वर्षांनी मुंबईत आला. मला वाटलं हे वर्ष असंच जाणार. मग टेस्ट सिरीजला न्यूझीलंड आले. बेंगलोरला ४६ ऑल आउट, पुण्यात सँटनरच्या १३ विकेट, आणि वानखेडेवर १४७ करायचे होते फक्त, १४७, पंत एकटा ६४, बाकी सगळे हजेरी लावून परत. एजाज पटेलने मॅचमध्ये ११ विकेट काढल्या, तो पण जन्माने मुंबईकर, म्हणजे मारलं तर मारलं आपल्याच माणसाने. २५ रन्सनी हरलो, घरात ३-०. तेव्हा बू वगैरे कोणी केलं नाही, लोक गप्प उठून स्टेशनला गेले. मला ते बू करण्यापेक्षा वाईट वाटलं.

डिसेंबरला टी-२० ची मुश्ताक अली ट्रॉफी पण मुंबईने घेतली, सूर्यांश शेडगे नावाच्या पोराने फायनलला १५ बॉलमध्ये ३६ कुटले, नाव लक्षात ठेवा. आणि ३० डिसेंबरला मेलबर्न, ऑस्ट्रेलियाशी टेस्टचा शेवटचा दिवस. पहाटे पाचला उठून बसलो, टीपर्यंत तीनच विकेट गेलेल्या, ड्रॉ समोर दिसतोय, आणि मग सात विकेट ३४ रन्समध्ये. जैस्वाल ८४ वर असताना स्निकोवर (बॉल बॅटला लागल्याचा आवाज दाखवणारं मशीन) सरळ रेघ, काहीच हललं नाही, तरी थर्ड अंपायरने आउट दिला. बॉलची दिशा बदललेली स्पष्ट दिसत होती, पण ग्रुपवर मी अजून नॉट आउटच म्हणतोय आणि म्हणणार.