तीनदा पुकारले, गैरहजर

आम्ही कळव्याला राहतो. माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. आयटीआयमधून फिटर झाल्यावर त्याला सरकारी भरतीचा अर्ज भरायचा होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव असतात आणि त्यांतील १ टक्का कर्णबधिरांसाठी असतो. मात्र त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाती असावे लागते. त्यासाठी 'स्वावलंबन' या सरकारी पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज अर्ध्या तासात भरून झाला.

रुग्णालयात तपासणीला तो हट्टाने एकटाच गेला. सकाळी आठला केस पेपर काढून कानाच्या तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसला आणि दुपारी दोनला खोलीला कुलूप लागल्यावर कोरा केस पेपर घेऊन घरी आला. दुसऱ्या दिवशी मी चौकशीला गेले, तेव्हा तिथल्या मावशींनी रजिस्टर उघडून त्याच्या नावापुढचा शेरा दाखवला: 'तीनदा पुकारले, गैरहजर.' तो दारापासून चार हातांवर बसला होता. ज्या खोलीत ऐकू न येणाऱ्यांची तपासणी होते, तिथे नावे केवळ तोंडाने पुकारली जात होती, आणि हे कोणाला खटकलेही नव्हते. पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली; भरतीची मुदत त्याआधीच संपली. त्याने दोन वर्षे ज्या अर्जासाठी अभ्यास केला होता, तो एका हाकेपायी हुकला, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

टोकन क्रमांकाचा फलक लावावा, असा लेखी अर्ज मी तिथे दिला आणि प्रतीवर पोच घेतली. असा अर्ज कधीही पोच घेतल्याशिवाय देऊ नये.

दुसऱ्या खेपेला मी सोबत होते, पण मार्ग त्यानेच काढला. 'मला ऐकू येत नाही, हात करून बोलवा' असे लाल शाईने केस पेपरवर लिहून त्याने तो मावशींना दाखवला आणि दाराच्या अगदी समोर बसला. पाऊण तासाने मावशींनी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोन्ही कानांचा श्रवणऱ्हास ७० डेसिबलच्या वर निघाला. सांगायचे राहिले: तपासणीआधी कानातला मळ डॉक्टरांकडून काढून घ्यावा, नाहीतर चाचणी पुढे ढकलली जाते. बेरा चाचणी (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) लागणार का, हेही पहिल्याच दिवशी विचारावे, कारण तिची तारीख वेगळी मिळते. आधारवरचे आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव अक्षरन् अक्षर जुळते का, हे तर अर्ज भरण्यापूर्वीच पाहावे.

कार्ड आले. पुढच्या भरतीच्या अर्जात त्याचा क्रमांक भावाने स्वतः भरला. फलक मात्र अजून लागलेला नाही. गेल्या सोमवारी मी तिसरे स्मरणपत्र देऊन पोच घेतली.