नजर मधल्या गाडीवर: लक्ष-सरावाचे दहा वर्ग

फोंड्यात ज्येष्ठांसाठी संगणकावरचा लक्ष-सराव घेताना पहिल्या दिवशी मी संगणक लावतच नाही. चष्म्याचा नंबर कधी तपासला, मोतीबिंदू आहे का, ऐकू नीट येतं का, रात्री झोपेची गोळी चालू आहे का, हे आधी विचारून घेते. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी राहिली असेल तर ती करून घ्यायला सांगते. यातलं काही बिघडलेलं असलं की लक्ष लागत नाही आणि दोष मात्र वयावर जातो. स्मरण-लक्ष तपासणाऱ्या मोका चाचणीत ३० पैकी २६ पेक्षा कमी गुण आले, तर आधी डॉक्टर, मग सराव.

सराव दिसायला सोपा आहे. पडद्याच्या मधोमध क्षणभर मोटार किंवा ट्रक दिसतो आणि त्याच क्षणी कडेला, आठांपैकी एका दिशेला, दुसरी मोटार. मध्ये काय होतं आणि कडेची कुठे होती, एवढंच सांगायचं. पुढच्या पायरीवर कडेच्या मोटारीभोवती त्रिकोणांची गर्दी येते. चित्र सुरुवातीला अर्धा सेकंद राहतं. बरोबर उत्तरं आली की वेळ कमी होतो, चुकलं की वाढतो, आणि चारांतली साधारण तीन बरोबर येतील अशा बेतावर तो स्थिरावतो. म्हणजे चुका होणारच. हे आधी सांगितलं नाही, तर नोकरीत हिशेब चोख ठेवलेली माणसंही दुसऱ्या वर्गाला येत नाहीत.

सगळ्यात जास्त चुकतं ते नजरेचं. मधलं पटकन बघून डोळे कडेला पळतात. अर्ध्या सेकंदाला हे खपून जातं, म्हणून पहिले दोन वर्ग प्रगती झकास दिसते. पण डोळा वळायलाच सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. चित्राचा वेळ त्याखाली गेला की प्रगती अडते. म्हणून मी पडद्याशेजारी बसून डोळ्यांकडे बघते. ‘आजी, मधलीच बघा, कडेची आपोआप दिसेल,’ हे एका वर्गात वीसदा तरी म्हणावं लागतं.

मोबाइल नको. एवढ्याशा पडद्याला कडच नसते. डोळ्यांपासून पडद्यापर्यंत ६० सेंटिमीटरची सुतळी धरून खुर्ची लावते आणि खिडकीकडे पाठ होऊ देत नाही, नाहीतर काचेवर उजेड चमकतो. दुहेरी काचेचा चष्मा असला तर पडदा खाली उतरवते, नाहीतर हनुवटी वर करून करून मान धरते. उत्तराला वेळेची अट नसते, त्यामुळे कोरड्या बोटाला पडदा दाद देत नसेल तर बटण दुसऱ्याने दाबलं तरी चालतं.

वेळ सकाळी दहाची. दुपारी चारला ठेवून पाहिली, तेव्हा पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की सगळ्या माना रस्त्याकडे.

अमेरिकेतल्या ‘ॲक्टिव्ह’ या संशोधन-चाचणीत ६५ वर्षांवरचे २,८३२ जण होते. तिथे पाच-सहा आठवड्यांत तास-सव्वा तासाचे दहा वर्ग झाले आणि वेगाच्या सरावाचा, म्हणजे याच मोटारींच्या सरावाचा, परिणाम त्याच कामात दहा वर्षांनीही दिसला. पण त्यात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण घेतलेले नव्हते. घरच्यांना मी हे स्पष्ट सांगते, आणि किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवायला याची मदत होईल असं समजू नका, हेही.

गणेश चवथीच्या दिवसांत वर्ग सुरू करत नाही, मध्ये खंड पडतो. त्या चाचणीत उजळणीचे वर्ग ११ आणि ३५ महिन्यांनी झाले होते. त्या हिशेबाने पहिली उजळणी दहाव्या वर्गालाच ठरवते आणि घरच्यांना तो महिना लिहून देते.