वेंगुर्ल्यात, आज काय गावलां?

कुडाळ स्टेशनवरून मठ गावामार्गे जाणाऱ्या एसटीने तासाभरात वेंगुर्ल्याच्या स्टँडवर आणून सोडलं. मार्च महिना. वाटेत काजूच्या बागांत लाल-पिवळी बोंडं पिकलेली आणि त्यांचा गोड, आंबूस वास खिडकीतून आत येत होता. आई दर वळणाला विचारायची, "कसला वास रे हा?" ती सातारची. काजू तिने पाकिटातलाच पाहिलेला.

पहिल्या दुपारी एका खानावळीत मी हट्टाने सुरमई मागितली. आला तो बर्फातला, चिवट तुकडा. संध्याकाळी आमच्या घरमालकीण काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "सुरमय आता खंयसून येतली? उद्या रापण ओढतले. काय गावता ता बघूया." जे गावेल, म्हणजे मिळेल, ते खायचं; पुढचे तीन दिवस आम्ही याच हिशोबाने जेवलो.

सकाळी सातला सागरेश्वरच्या किनाऱ्यावर गेलो. रापणीचं जाळं होडीने अर्धगोल टाकून झालं होतं, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आले होते आणि माणसं दोन रांगांत पाय रोवून एकेक पाऊल मागे सरकत होती. मीही दोराला हात लावला. ओला, खरखरीत दोर. दहा मिनिटांत तळवे लालबुंद झाले. जाळं जवळ आलं तसा माणसांचा आवाज चढला आणि बगळे, कावळे गोळा झाले. आत बरेचसे बांगडे, थोडी तारली, दोन-चार खेकडे. वाळूवर वाटे पडले. ओढायला हात लावणाऱ्याला मासा द्यायचा ही रापणीची रीत, म्हणून माझ्याही पिशवीत सहा बांगडे आले. एक म्हातारे आजोबा जाळं झटकत म्हणाले की पूर्वी टोपल्या पुरत नसत; आता पर्ससीनवाले, म्हणजे माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढणारे यांत्रिक बोटवाले, आणि एलईडीचे दिवे लावणाऱ्या बोटी बाहेरच मासा उचलतात. आजोबांच्या जाळ्याचा मोठा भाग रिकामाच होता. ते पाहून मला फार वाईट वाटलं. हा किनारा ज्यांचा, त्यांच्याच ताटातलं कमी होतंय.

काकूंनी त्या बांगड्यांचं तिकलं केलं. ओलं खोबरं, ब्याडगी मिरच्या, धणे, हळद पाट्यावर गंधासारखं वाटलं. कांदा नाही, लसूण नाही. चार आमसुलं, आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. तिरफळ म्हणजे मिऱ्यापेक्षा जरा मोठं, तोंड उघडलेलं काळपट फळ. त्याचा वास लिंबाच्या सालीसारखा, पण त्याहून रानटी. वरून कच्चं खोबरेल सोडलं आणि झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी झाकण निघालं तेव्हा आई ओट्याजवळून हलेना. "तिरफळां चावू नको हां," काकूंनी बजावलं. आईने एक चावलंच. जीभ बधिर, डोळ्यांत पाणी, आणि तरी दुसऱ्यांदा भात घेतला. उकडा, लालसर, जाड भात. तिकल्याला तोच हवा.

दुसऱ्या दिवशी रापणीला फारसं काही लागलं नाही, म्हणून ओल्या काजूगरांची उसळ. काजूगर बाजारात शेकड्याच्या हिशोबाने मिळतात. विकणाऱ्या बाईंची बोटं टरफलातल्या चिकाने काळी पडून सोललेली. मी भाव केला नाही, आईनेही करू दिला नसता.

आरवलीच्या वेतोबालाही जाऊन आलो. तिथे देवाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात, रात्री गावाची राखण करून त्याच्या झिजतात म्हणून. डच वखार धावतीच बघितली. तिथल्या पडक्या भिंतींपेक्षा पेजेची वेळ मला जास्त महत्त्वाची वाटली.

निघताना काकूंनी वर्तमानपत्राच्या पुडीत सुकी तिरफळं बांधून दिली. एसटी मठ ओलांडून गेली तरी आई पुडी नाकाशी धरून बसली होती. मग म्हणाली, "सहा बांगड्यांना किती घातली होती रे त्यांनी, आठ की दहा?"