रिपीटर दोन गच्च्यांवर नेला, तरी अडकतोच

रिपीटर म्हणजे हॅमचं, हौशी रेडिओवाल्यांचं, एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून तेच लगेच दुसरीवर पुन्हा सोडणारं यंत्र. दोन मीटरच्या पट्ट्यातल्या (144 ते 146 मेगाहर्ट्झ) रिपीटरमध्ये येणारी आणि जाणारी फ्रिक्वेन्सी यांत अंतर असतं फक्त 600 किलोहर्ट्झचं. एकाच मास्टवर रिसीव्हर आणि ट्रान्समीटर दोन्ही ठेवायचे तर डुप्लेक्सरच्या, म्हणजे दोन्ही सिग्नल वेगळे ठेवणाऱ्या फिल्टरच्या, मोठाल्या कॅव्हिटी (धातूचे पोकळ डबे) लागतात. खिशाला चाट बसते, वर आमच्या उन्हात पत्र्याच्या छपरावर त्यांचं ट्यूनिंग जागेवर राहील याचा भरवसा नाही. म्हणून माझ्या एका हॅम मित्राने रिसीव्हर जुळे सोलापुरात गच्चीवर आणि ट्रान्समीटर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडवर ठेवला. मधलं अंतर सहाएक किलोमीटर. रिसीव्हरने ऐकलेलं ट्रान्समीटरकडे जातं ते यूएचएफ लिंकवरून, म्हणजे बऱ्याच वरच्या वेगळ्या फ्रिक्वेन्सीवरून. 145 मेगाहर्ट्झला तेवढ्या मोकळ्या हवेत सिग्नल सुमारे 91 डेसिबेलने घटतो. यंत्रमाग चालू असलेल्या शेडमध्ये कानाशी बोलण्यापेक्षा दोन गल्ल्या पलीकडे जाऊन बोलावं, तसंच हे. रिसीव्हर खरंच शांत झाला.

पण रिपीटर अडकायला लागला. बोलणारा थांबला तरी ट्रान्समीटर चालूच, ठरावीक वेळाने टाईमर तो बंद करेपर्यंत. मित्राचा फोन: "काय बे, टाईमर तोडेपर्यंत सुटतच नाही!"

मी पहिल्यांदा त्याचे आकडे मागितले. आउटपुट 145.700, यूएचएफ लिंक 437.100 मेगाहर्ट्झ. 145.700 ला तीनने गुणा. बरोब्बर लिंकवर येतं! आपल्याकडे हॅमना मिळालेले 144 ते 146 आणि 434 ते 438 हे दोन पट्टे असे तिपटीच्या नात्यात आहेत, त्यामुळे हे कुणाच्याही बाबतीत घडू शकतं. लिंकचा रिसीव्हर ट्रान्समीटरच्या शेजारीच बसलेला. त्याला स्वतःच्याच ट्रान्समीटरचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीवर उमटणारा नको असलेला सिग्नल) ऐकू येतो, आणि मग हा रिसीव्हरच ट्रान्समीटरला चालू धरून ठेवतो. तिप्पट झाल्यावर 5 किलोहर्ट्झचं डेव्हिएशनही (आवाजाने फ्रिक्वेन्सी जितकी हलते ते) 15 होतं, म्हणजे लिंक पाच-दहा किलोहर्ट्झ सरकवून भागत नाही.

"टोन लावलाय की," मित्र म्हणाला. टोन म्हणजे आवाजाखाली सतत चालणारा सूर, सीटीसीएसएस; तो ओळखला तरच रिसीव्हर उघडतो. लावला होता, पण लिंकला आणि आउटपुटला एकच. हार्मोनिकमध्ये कॅरिअरची (आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीची) फ्रिक्वेन्सी तिप्पट होते, टोन आहे तोच राहतो. कुलूप आणि चोर दोघांकडे एकच किल्ली. लिंकचा टोन वेगळाच हवा.

मग त्याने ट्रान्समीटरला लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) बसवला. फरक पडला, पण पूर्ण नाही. अँटेना काढून डमी लोड (सिग्नल हवेत न सोडता जिरवणारा) लावला की अडकणं बंद, अँटेना लावली की परत सुरू. म्हणजे हार्मोनिक सेटबाहेर तयार होत होता. छपराचे गंजलेले पत्रे, सैल बोल्ट, मास्टचे जोड हे तगड्या सिग्नलमध्ये डायोडसारखे वागतात, आणि तिथे तयार झालेल्या हार्मोनिकला सेटच्या तोंडावरचा फिल्टर काय करणार? जोड घासून आवळायला लावले, लिंकची यागी अँटेना छपराच्या कडेला नेली.

खरा इलाज मात्र फ्रिक्वेन्सी बदलण्याचा. 435 ते 438 हा भाग उपग्रहांचा, तिथे जमिनीवरची लिंक मला तरी पटत नाही. 434 च्या अगदी खाली 433.92 वर गाड्यांचे रिमोट टिकटिकत असतात. राहिलं मधलं 434.5 च्या आसपास. 145.700 चा हार्मोनिक तिथून अडीच मेगाहर्ट्झ लांब. लायसन्सची कागदपत्रं आवरली की तिथे जाणार.

आता जुळे सोलापूरच्या गच्चीवर शेजाऱ्याच्या एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरची खरखर येते, संध्याकाळी सातपासून. त्याला नवीन ड्रायव्हर आम्हीच घेऊन देतोय.