अँटवर्प सेंट्रल, एन स्केल: शेडच्या कमानी उभ्या राहिल्या, आता मधला खड्डा

तर मंडळी, बरेच दिवस काही टाकलं नव्हतं म्हणून आज सगळं एकदमच टाकतेय, चहा घेऊन बसा. शेडच्या (प्लॅटफॉर्मवरच्या मोठ्या लोखंडी छपराच्या) पुढच्या भागातल्या कमानी उभ्या राहिल्यात, रंगाचा पहिला हात झालाय, आणि मुख्य म्हणजे मी परत एकदा अँटवर्पला जाऊन आले. यावेळी घुमट बघायला नाही, खास खड्डा बघायला. का ते पुढे येईलच.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. आम्ही आइंडहोवनला राहतो, बेल्जियमची बॉर्डर जवळ, आणि मी घरात एन स्केलमध्ये म्हणजे १:१६० मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प सेंट्रल या रेल्वे स्टेशनचं मॉडेल करतेय. अख्खं नाही. अख्खं कोणी करायला घेतलं तर त्याच्या घरी आधी जागेचा नाही, घटस्फोटाचा विषय निघेल. हिशोबच बघा ना, खरी शेड १८६ मीटर लांब, ६६ मीटर रुंद, उंची ४४ मीटरच्या आसपास. एच-ओ स्केलमध्ये (१:८७) ती दोन मीटरच्या वर जाते, एनमध्येसुद्धा साधारण १ मीटर १६ सेंटीमीटर लांब आणि ४१ सेंटीमीटर रुंद. बाहेरचा घुमट ७५ मीटर उंच, म्हणजे मॉडेलमध्ये ४७ सेंटीमीटर. त्यामुळे मी दगडी इमारत सोडूनच दिली, फक्त शेडचा इमारतीकडचा अर्धा भाग घेतला, घड्याळाची भिंत आणि तिच्यापुढे जेवढ्या कमानी बसतील तेवढ्या.

आता स्टेशन. १९०५ च्या ऑगस्टमध्ये उघडलं, पण शेड त्याआधीच उभी होती, १८९५ ते १८९९ मध्ये. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं की शेड आणि इमारत ही दोन वेगळ्या माणसांची कामं आहेत. लोखंडाची शेड क्लेमां व्हान बोगार्ट नावाच्या इंजिनियरची आणि घुमटवाली दगडी इमारत ब्रूझचा आर्किटेक्ट लुई देलासेन्सरी याची. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड (हो, तोच, काँगोवर जुलमी सत्ता गाजवणारा) याला स्वित्झर्लंडमधलं लुसर्नचं स्टेशन आवडलेलं, तसंच काहीतरी भव्य हवं होतं, आणि घुमटासाठी डोळ्यासमोर रोमचं पँथिऑन. गंमत म्हणजे लुसर्नचं ते मूळ स्टेशन १९७१ मध्ये जळालं आणि ही "कॉपी" अजून दिमाखात उभी आहे. इथले लोक याला रेल्वेचं कॅथेड्रल म्हणतात ते उगाच नाही, आत २० च्या वर प्रकारचे संगमरवर आणि दगड आहेत म्हणे, मी मोजायला बसले नाही.

पण खरं सांगू का, आलेला प्रत्येक जण घुमटाखाली मान वर करून फोटो काढतो, २००९ मध्ये इथेच शूट झालेल्या त्या गाजलेल्या डान्सच्या व्हिडिओतल्या जिन्यावर उभं राहून सेल्फी घेतो आणि निघतो. रेल्वेवाल्याने तिथे पाच मिनिटं थांबावं आणि सरळ आत शेडमध्ये जावं. त्याहून चांगलं म्हणजे खालून यावं.

मी यावेळी मुद्दाम तशीच आले. ब्रेडा, रोझेन्डाल असं बदलत बेल्जियन लोकल पकडली, ती एसेनवरून येते. रुळावरच्या तारांमधली वीज नेदरलँड्समध्ये १.५ केव्ही (किलोव्होल्ट) डीसी (आपल्या मुंबई लोकलचं जुनं व्होल्टेज, आठवतंय का), बेल्जियममध्ये ३ केव्ही डीसी, आणि शेजारच्या हायस्पीड लाइनवर २५ केव्ही एसी. एवढ्याशा भागात तीन प्रकार. शिवाय डच गाड्या उजवीकडून धावतात आणि बेल्जियन आपल्यासारख्या डावीकडून, बॉर्डर ओलांडली की एकदम घरी आल्यासारखं वाटतं. लुख्टबाल स्टेशननंतर गाडी बोगद्यात शिरते आणि थांबते ती स्टेशनच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर, प्लॅटफॉर्म २१ ते २४ च्या भागात. उतरलात की वर बघा. काँक्रीट, एस्कलेटर, त्याच्या वर अजून एक मजल्याचे ट्रॅक, त्याच्या वर दुकानांचा मजला, त्याच्या वर अजून ट्रॅक, आणि सगळ्यांच्या वर ती लालसर कमान आणि तिच्यातून झिरपत पार तळापर्यंत आलेला उजेड. चार मजले एका नजरेत. हा तो खड्डा.

हा का खणला ते कळलं की हे स्टेशन कळतं. मुळात हे टर्मिनस, म्हणजे आपल्या सीएसएमटीसारखं, गाडी आली की पुढे भिंत. ब्रसेल्सहून अॅमस्टरडॅमला जाणारी गाडी आत आली तर उलटी फिरून बाहेर काढावी लागणार. म्हणून लांबच्या गाड्या सेंट्रलला यायच्याच नाहीत, बाहेरून जायच्या आणि अँटवर्पच्याच बेर्खम स्टेशनला थांबायच्या. दौंडवाल्यांना हे वेगळं समजवायला नको, मनमाड-सोलापूर गाड्यांचं इंजिन फिरवायची कटकट नको म्हणून जशी कॉर्ड लाइन (जुनं स्टेशन टाळून थेट जाणारा रूळ) टाकली आणि तिच्यावर वेगळं स्टेशन आलं, डिट्टो तोच प्रकार. फरक एवढाच की अँटवर्पवाल्यांनी नंतर उलटा विचार केला. गाड्या शहराबाहेरून न्यायच्या नाहीत, स्टेशनच्याच पोटातून न्यायच्या. १९९८ ला काम सुरू केलं, शहराच्या खालून ३.८ किलोमीटरचा बोगदा काढला आणि २००७ च्या मार्चमध्ये खालच्या मजल्यावरून आरपार गाड्या सुरू झाल्या. वरच्या शेडमधले मधले ट्रॅक काढून टाकले, तिथे खाली उतरणारी ही मोठी पोकळी केली, दोन्ही बाजूंना मिळून ६ टर्मिनस ट्रॅक ठेवले (१ ते ६), त्याखाली उणे एक मजल्यावर (जमिनीखाली) अजून ४ टर्मिनस ट्रॅक (११ ते १४), आणि उणे दोनवर ४ आरपार (२१ ते २४). म्हणून प्लॅटफॉर्म नंबर मध्येच उडी मारतात, नवीन माणूस ७ नंबर शोधत फिरतो, नाहीच मिळत.

आणि हे सगळं करताना १९०५ ची दगडी इमारत उभीच्या उभी. १९७५ पासून ती संरक्षित वास्तू आहे, त्यामुळे तिला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

आता मॉडेलवाल्यांनो, हे वाचून काही पेटलं का डोक्यात? वर दिसायला सुंदर टर्मिनस, खाली आरपार लाइन जी दोन्ही टोकांना बोगद्यात गायब होते. आपण घरी लेआउट करताना नेमकं हेच करतो! वर देखावा, खाली लपवलेलं यार्ड. इथे तर लपवायचीसुद्धा गरज नाही, खड्ड्यातून खालची गाडी जाताना दिसते आणि ते खऱ्या स्टेशनात पण तसंच दिसतं. माझ्या मते मॉडेलसाठी युरोपातलं सगळ्यात सोयीचं मोठं स्टेशन हेच आहे, कोणाला वेगळं वाटत असेल तर या भांडायला.

तर माझा प्लॅन असा झालाय. उणे दोनवर चारऐवजी दोनच ट्रॅक, पण चालू, दोन्हीकडे बोगद्यात जाऊन मागच्या बाजूने गोल फिरून परत. उणे एक डमी, रूळ नुसते चिकटवलेले, एखादी गाडी कायमची उभी. वरच्या सहापैकी चार चालू. मजल्यांमधली उंची स्केलप्रमाणे नाही, हात आत घालून रुळावरून उतरलेली गाडी उचलता आली पाहिजे हा एकच नियम. खालच्या गाडीसाठी काटो या जपानी मॉडेल कंपनीची थॅलिस (हायस्पीड गाडी) आहे माझ्याकडे, म्हणून काळ पण ठरला, २००९ ला हायस्पीड लाइनवरून थॅलिस अॅमस्टरडॅमला जायला लागली तेव्हापासून २०२३ ला त्यांच्यावर युरोस्टारचं नाव येईपर्यंतचा. ही गाडी खरी २०० मीटरची, एनमध्ये सव्वा मीटर. म्हणजे शेडपेक्षा गाडीच लांब! माझ्या अर्ध्या शेडच्या तर दोन्ही बाजूंनी बाहेर येते, पण खाली बोगदा असल्यामुळे कोणाला कळत नाही.

आता छपराबद्दल, कारण याच्यावर मी सगळ्यात जास्त डोकं घातलंय. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर जर्मनांच्या व्ही-२ रॉकेटचा मारा झाला, स्टेशन पडलं नाही पण शेडचं नुकसान झालं, आणि लोखंडी सांगाडा थोडा वेडावाकडा झाला असं मानतात. पुढे ८० च्या दशकात दुरुस्ती केली तेव्हा काचेच्या जागी पॉलिकार्बोनेटचे पत्रे बसवले, एक तर वजनाला हलके, आणि दुसरं म्हणजे सांगाडा जरा हलला वाकला तरी पत्रा त्याच्याबरोबर जुळवून घेतो, काच तडकते. हे आपल्या कामाचं अशासाठी की मी आधी ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) चकचकीत पारदर्शक शीट लावून बघितली होती आणि काहीतरी खटकत होतं. यावेळी शेडखाली उभी राहून नीट बघितलं तर प्लॅटफॉर्मवर कडक सावल्या पडतच नाहीत, उजेड पसरून येतो, थोडा दुधट. मग ठरलं, ट्रेसिंग पेपर नको (फार मेणचट दिसतो), तीच शीट आतल्या बाजूने एकदम बारीक सँडपेपरने एकाच दिशेत घासायची. वर एलईडी धरून बघा, शेड एकदम जिवंत होते. कोणी फ्रॉस्टेड स्प्रे वापरला असेल तर सांगा, मला वासाची भीती आहे, घरात लहान मूल.

रंग. फोटोत तो कधी चॉकलेटी दिसतो कधी मरून, प्रत्यक्षात वाइनचा लाल, जरा मळलेला. मी गडद लालमध्ये चिमूटभर तपकिरी आणि त्याहून कमी काळा मिसळला. काळा जास्त झाला की कमानी जळक्या दिसतात.

मापं कशी घेतली हे दोघातिघांनी विचारलेलं. नकाशे वगैरे काही नाही, सोपा जुगाड आहे. फोटोत रूळ समोरून आला पाहिजे. गेज १४३५ मिलिमीटर हे पक्कं, मग त्याच फोटोत, त्याच अंतरावरची खांबाची जाडी, कठडा, पायऱ्या, सगळं त्या पट्टीने मोजायचं. आपल्या १६७६ च्या ब्रॉडगेजची सवय असलेल्या डोळ्याला इथला ट्रॅक आधी अरुंद वाटतो, ते सोडून द्यायचं. खांब तळाशी जिथे दगडी चौथऱ्यात शिरतो तिथले रिवेट मात्र जवळून काढलेत, एकेक बटणासारखा फुगीर, रंगाचे थरावर थर बसून कडा गोल झालेल्या. एनमध्ये रिवेट दिसणार नाहीत हे मला माहितीये, तरी मी सुईने टोचून टोचून करणार आहे, बोलू नका कोणी.

घड्याळाची भिंत अजून कागदावरच आहे. वर सोनेरी नक्षी, मध्ये मोठं घड्याळ, त्याखाली शहराचं नाव. ती प्रिंट करून चिकटवावी की थर देऊन कोरावी यावर घरात दोन पक्ष आहेत. नवरा म्हणतो प्रिंट कर आणि मोकळी हो. तो आणि लेक दोघं त्या दिवशी शेजारच्या झूमध्ये होते (१८४३ चं झू, स्टेशनला अगदी खेटून, घरच्यांना गुंतवून ठेवायला याहून सोयीची जागा नाही), त्यामुळे त्याच्या मताला मी फार किंमत देत नाहीये.

गाड्यांचं म्हणाल तर तासभर वरच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभी होते. डबल डेकर एम-६ आणि एम-७ डबे, क्लास १८ इंजिनं, आणि माझी सगळ्यात लाडकी बेल्जियन गाडी एएम-९६, जिचं तोंड म्हणजे जाड काळी रबरी चौकट. दिसायला विचित्र, पण दोन गाड्या जोडल्या की ड्रायव्हरची काच, सीट, कंट्रोल सगळं बाजूला वळतं आणि रबराला रबर भिडून मधून माणसं चालत जातात. डॅनिश आयसी-३ गाडीवरून घेतलेली कल्पना आहे ही. जोडताना बघायला मिळालं, व्हिडिओ हलला थोडा पण कळतंय.

जाता जाता, जाणाऱ्यांसाठी. स्टेशनातल्या जुन्या कॅफेत एकदा बसा, पैसे कॉफीचे नाही, छताचे द्यायचे आहेत असं समजून. मग पेलिकानस्ट्राट या रस्त्यावरून रेल्वेच्या व्हायाडक्टच्या (कमानींवरून जाणाऱ्या उंच मार्गाच्या) कडेने चालत जा, कमानींखाली हिऱ्यांची दुकानं, कानावर गुजराती हमखास पडतं, बीकेसीच्या डायमंड मार्केटचा हा थेट चुलतभाऊ. आणि पाय असतील तर बेर्खमच्या दिशेने झुरेनबोर्ख या भागापर्यंत जा, हाच व्हायाडक्ट तिथे पूल होऊन रस्ता ओलांडतो आणि त्यालाही दगडी नक्षीकाम केलंय, नुसत्या रेल्वे पुलाला! दक्षिणेकडून कीविटप्लाइन चौकातल्या नव्या दारानेही स्टेशनात शिरता येतं, तिथून शेडचं काचेचं टोक बाहेरून दिसतं, संध्याकाळी आत दिवे लागल्यावर जास्त छान.

पुढचं काम: खड्ड्याचे कठडे आणि एस्कलेटर. एस्कलेटरसाठी कोणाकडे एनमधलं तयार काही आहे का, की पन्हाळी कार्ड तिरपं कापून चालेल? आणि एएम-९६ एनमध्ये कोणी थ्रीडी प्रिंट केली असेल तर फाइल द्या बाबा, कॉफी माझ्याकडून, छतासकट.