लेवीयात अडकलेली खूण

पुष्कळ घरांतल्या पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, सुरुवातीची पानं मळलेली असतात आणि मधली कोरी करकरीत. एक जानेवारीला उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करायची आणि वर्षात सगळं संपवायचं, असा निश्चय असतो. प्रोटेस्टंट आवृत्तीत ११८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज सव्वातीन. (कॅथलिक आवृत्तीत पुस्तकं ६६ ऐवजी ७३, त्यामुळे थोडे जास्तच.) योसेफाच्या गोष्टीपर्यंत वाचन पळतं, तांबडा समुद्र दुभंगतो, आणि जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात निर्गम या दुसऱ्या पुस्तकाचा २५वा अध्याय येतो: बाभळीच्या लाकडाचा कोश (कराराच्या पाट्या ठेवायची पेटी), अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. मागोमाग पडदे, कड्या, आकडे. मग लेवीय, यज्ञ आणि शुद्धतेच्या नियमांचं पुस्तक. खूण तिथेच राहते, ती पुढच्या जानेवारीपर्यंत.

याला भक्ती कमी पडली असं म्हणणं चुकीचं आहे. क्रम चुकलेला असतो.

सवय नव्याने लावायची तर मार्कापासून, म्हणजे मार्काने लिहिलेल्या येशूच्या चरित्रापासून, लावावी. सोळाच अध्याय, आणि गोष्ट अशी धावते की 'लागलेच' हा शब्द पावलोपावली भेटतो. रोज एक अध्याय. तो झाला की उरलेला नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग. गंमत म्हणजे नव्या करारात बरोबर २६० अध्याय आहेत: सोमवार ते शुक्रवार रोज एक घेतला की ५२ आठवड्यांत पूर्ण. शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला. दुसऱ्या वर्षी जुन्या कराराकडे, म्हणजे येशूच्या आधीच्या भागाकडे, जावं आणि लेवीय १६ आला की शेजारी इब्री लोकांस पत्राचा ९वा अध्याय उघडून ठेवावा. प्रायश्चित्ताचा दिवस, परमपवित्र स्थान, रक्त हे सगळं तिथे ख्रिस्ताच्या संदर्भात उलगडतं. हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. म्हणजे तो कोश जेमतेम पावणेचार फुटांचा, घरातल्या मोठ्या ट्रंकेएवढा. एवढं डोळ्यांसमोर आलं की मोजमापंही कंटाळवाणी वाटत नाहीत.

एका बैठकीला वीस मिनिटं पुरतात. आधी अध्याय मोठ्याने वाचायचा. जुन्या भाषांतराची लांब वाक्यं कानाला लवकर कळतात. मग पेन्सिल घेऊन पुन्हा, सावकाश. कोण बोलतो, कोणाला, कशामुळे? शेवटी वहीत दोनच ओळी: काय दिसलं, आणि आज त्यातलं काय करायचं. दुसरी ओळ टाळू नये. आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्या माणसाचा दाखला याकोबाने आपल्या पत्रात (१:२३-२४) नेमका इथेच लागू पडेल असा दिला आहे.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते सुटं वचन. भिंतीवरच्या कॅलेंडरवर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ हमखास असतं: हिताचे संकल्प, आशा. पण तो अध्याय म्हणजे बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे. चौथ्या वचनापासून वाचा. पाचव्यात घरे बांधा, बागा लावा असं सांगितलंय. म्हणजे मुक्काम लांबणार. दहाव्यात आकडा येतो, सत्तर वर्षं. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी परतीचा दिवस पाहिलाही नसेल. अकरावं वचन त्यानंतर वाचलं की त्याचं वजन बदलतं. नोकरीच्या मुलाखतीआधी पाठ करायचं ते वचन नव्हे. नियम सोपा: आवडतं वचन सापडलं की मागची दहा आणि पुढची दहा वाचल्याशिवाय ते वहीत उतरवायचं नाही.

भाषा अडत असेल तर दुसरं भाषांतर शेजारी ठेवावं, त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं, तेही साध्यासुध्या वाचकाला कळावं म्हणून. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये छापून निघालं.

स्तोत्रं यात मोजू नयेत. ती प्रार्थनेला जोडून, रोज एक. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय तारखेनुसार वाचता येतात.

खाडा पडणारच. चार दिवस चुकले की सव्वातीनच्या हिशेबाने तेरा अध्याय साठतात, आणि ते एका रात्रीत उरकायला बसलं की पाचव्या दिवशी पुस्तक उघडावंसंच वाटत नाही. म्हणून तारखांचा तक्ता लावूच नये. फक्त खूण ठेवावी आणि जिथे आहे तिथून पुढे जावं. फोनवर वाचत असाल तर आधी इंटरनेट बंद. नाहीतर तिसऱ्या वचनाला कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो.