पिंपात मुरलेली बिअर

मर्यादित संख्येत निघणाऱ्या बिअरच्या एका बाटलीसाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात, याचे मला पूर्वी हसू येई. आता त्या रांगेत मीही असतो. अमेरिकी कायद्यानुसार बर्बन व्हिस्कीसाठी दर वेळी आतून होरपळवलेले नवे ओकचे पिंप लागते, त्यामुळे एकदा वापरलेली, सुमारे २०० लिटरची पिंपे बिअर उत्पादकांच्या हाती येतात आणि त्यांत इम्पीरियल स्टाउट ही काळपट, कडक बिअर कित्येक महिने मुरत ठेवली जाते. लाकडातून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा स्वाद देणारे द्रव्य, उतरते, किंचित हवा आत झिरपते, थोडी बिअर उडूनही जाते. बेल्जियमच्या ग्यूझ या बिअरची तऱ्हा वेगळी: एक, दोन आणि तीन वर्षे पिंपात राहिलेल्या लँबिकचे (हवेतल्या यीस्टने आपोआप आंबणाऱ्या बिअरचे) ते मिश्रण असते आणि त्यातला आंबटपणा मुद्दाम राखलेला असतो. (बाटल्या कमी म्हणून चव थोर, हे समीकरण मात्र मला कधीच पटलेले नाही.)

मध्यंतरी दोन वर्षे जपलेली एक स्टाउट मी उघडली. झाकणावरचे मेण सुरीने खरवडताना बोट कापले, आणि ग्लासात उतरले ते काकवीच्या रंगाचे, फेस न धरणारे, चक्क आंबलेले पेय. तिची जोडीदार बाटली अजून कपाटात आहे. ती उघडण्याचा धीर होत नाही.